वाकड्या घराचा ओळंबा: हिमलीच्या 'क्रुकेड हाउस'चं प्रकरण

शनिवार, ५ ऑगस्ट २०२३. इंग्लंडमधल्या साउथ स्टॅफर्डशरच्या हिमली गावाबाहेर बंद पडलेला 'क्रुकेड हाउस' हा पब रात्री पेटला. अग्निशमन दल पोचलं तर तिकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर मातीचे ढिगारे टाकलेले. आग विझेपर्यंत छप्पर आणि आतलं लाकूडकाम संपलं होतं, पण विटांच्या भिंती बऱ्याचशा उभ्या होत्या. सोमवारी एक्सकॅव्हेटर लागला आणि त्याही गेल्या. स्थानिक कौन्सिलने नंतर सांगितलं की मालकाच्या प्रतिनिधीशी बोलणं झालं होतं ते वरच्या मजल्याच्या दर्शनी भिंतीतले तीन भाग उतरवण्यापुरतंच. अख्खी इमारत पाडायला संमती नव्हती, आणि तशी गरजही नव्हती.

पोलिसांनी जाळपोळ धरून तपास सुरू केला. तो भाग मी त्यांच्यावरच सोडतो. वास्तुरचनेकडे पाहणाऱ्याला या प्रकरणात वेगळाच पेच दिसतो: या इमारतीत जपण्यासारखं जे होतं, तिचा वाकडेपणा, ते कोणी बांधलेलंच नव्हतं. ते जमिनीने केलं होतं. असं काही जपायचं झालं तर नेमकं काय जपायचं, आणि पाडल्यावर पुन्हा उभं करायचं तर काय उभं करायचं?

शेतघराचा झाला पब

इंग्लंडच्या खेड्यातली जुनी इन, म्हणजे वाटसरूंची सराई-खानावळ, म्हटलं की डोळ्यासमोर साधारण तीन प्रकार येतात. मठांनी यात्रेकरूंसाठी बांधलेली, ग्लास्टनबरीच्या 'जॉर्ज अँड पिलग्रिम्स'सारखी, चर्चच्या तोडीचं दगडकाम असलेली. मग हमरस्त्यावरची घोडागाडीच्या जमान्यातली: गाडी आत शिरेल एवढी कमान, मागे चौक, तबेले. ग्रेट नॉर्थ रोडवरचं स्टिल्टनचं 'बेल' त्यातलं. तिसरा प्रकार गरिबाघरचा. राहतं घर किंवा शेतघर असायचं, त्याच्या पुढच्या खोलीत बिअरचं पिंप ठेवायचं आणि दारावर पाटी लावायची. वास्तुकलेच्या पुस्तकांत या तिसऱ्या प्रकाराला फारशी जागा मिळत नाही, पण खेड्यापाड्यात संख्या त्याचीच मोठी.

क्रुकेड हाउस या तिसऱ्या रांगेतलं. १७६५ मध्ये शेतघर म्हणून बांधलेलं, दोन मजली, लाल विटांचं, कौलारू. कोरीव काम नाही, गॅलरी नाही, वास्तुकाराचं नाव नाही. १८३० च्या सुमारास त्याचा पब झाला. १८३० मध्येच ब्रिटिश पार्लमेंटने बिअरहाउस कायदा केला होता. घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून बिअर विकायचा परवाना मिळू लागला आणि देशभर हजारो घरांच्या पुढच्या खोल्या दारूच्या बैठका झाल्या. या पबचं अधिकृत नाव 'ग्लिन आर्म्स', कारण जमीन सर स्टीफन ग्लिन यांची. लोक मात्र त्याला 'सायडन हाउस' म्हणत, त्या भागातल्या बोलीत 'वाकडं घर'. क्रुकेड हाउस हे नाव पाटीवर यायला २००२ उजाडलं.

ग्लिन घराण्याबद्दल थोडं विषयांतर करतो. नववे बॅरोनेट (हा वंशपरंपरेचा किताब) सर स्टीफन ग्लिन (१८०७–१८७४) हे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे मेहुणे. चर्चच्या वास्तुरचनेचं त्यांना अक्षरशः वेड होतं. पाच हजारांहून जास्त चर्च त्यांनी स्वतः फिरून पाहिली आणि प्रत्येकाच्या कमानी, खिडक्या, मनोरे यांची टिपणं लिहून ठेवली. याच मुलखात त्यांच्या मालकीचा ओक फार्म हा कोळशाचा आणि लोखंडाचा धंदा होता. १८४७ मध्ये तो बुडाला आणि ग्लॅडस्टन यांना पुढे कित्येक वर्षं सासरची कर्जं निस्तरत बसावं लागलं. इंग्लंडच्या इमारतींची इतक्या मायेने नोंद ठेवणाऱ्या माणसाचं नाव पाटीवर, आणि त्याच इमारतीला वाकवणारी खाणकामं अवतीभोवती. इतकी चोख विसंगती एरवी कादंबरीकाराला रचावी लागते.

खाली तीस फूट कोळसा

डडलीच्या आसपासच्या या पट्ट्याला 'ब्लॅक कंट्री' म्हणतात. इथली प्रसिद्ध कोळशाची थर-पट्टी तीस फूट, म्हणजे जवळजवळ नऊ मीटर जाडीची, आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीपासून फार खोल नाही. ती काढायची जुनी पद्धत अशी: मोठमोठ्या चौकोनी दालनांतून कोळसा उपसायचा आणि वरचं छत तोलायला मधेमधे कोळशाचेच खांब सोडायचे. कोळसा संपत आला की मग मागे वळून हे खांबही तासायचे, कारण खांबात अडकलेला कोळसा म्हणजे अडकलेले पैसे. छत खाली बसतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी कित्येक वर्षांनी, वरच्या जमिनीत खळगा पडतो. त्या खळग्याच्या काठावर घर असेल तर घराचं एक टोक जागेवर राहतं आणि दुसरं खाली जातं. हिमलीत एकोणिसाव्या शतकात हेच झालं.

किती खाली गेलं? सगळीकडे दोन आकडे सांगितले जातात: एक टोक दुसऱ्यापेक्षा चार फुटांनी, म्हणजे सुमारे १.२ मीटर खाली, आणि कल १५ अंशांचा. हे दोन आकडे एका कागदावर मांडले की गंमत कळते. १५ अंशांच्या उतारावर १.२ मीटर उतरायला साडेचार मीटर लांबी पुरते. घर तर त्याच्या दुपटीहून लांब होतं. म्हणजे दोन्ही आकडे खरे मानले तर घर एखाद्या पेटीसारखं अखंड कललेलं नव्हतं. ते मधे मोडलं होतं. एक भाग बराचसा सरळ, आणि बुडालेल्या टोकाकडचा भाग एकदम तीव्र. बहुतेक पर्यटक-पुस्तिकांनी 'घर १५ अंशांत कललंय' एवढंच लिहून पिसाच्या मनोऱ्याशी तुलना केली. पिसाचा मनोरा आज चार अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तुलना छान खपते. पण मनोरा सगळाच्या सगळा एका बाजूला झुकतो. इथे घराच्या आत उतार बदलत होता. आत शिरणाऱ्याला गरगरायचं त्यामागे हेही एक कारण असणार.

आता हे पडलं का नाही, ते पाहू. घर लांबीच्या दिशेने कललं. त्यामुळे पुढची आणि मागची लांब भिंत स्वतःच्याच पातळीत फिरली: विटांचे थर तिरके झाले, खिडक्यांचे चौकोन तिरपे झाले, पण भिंत समोर किंवा मागे झुकली नाही. अशा भिंतीचा गुरुत्वमध्य पायाच्या आतच राहतो. तिरक्या थरांवरून विटा घसरतील ही भीतीही फारशी खरी नाही. १५ अंशांच्या उताराला लागणारं घर्षण ०.२७ च्या आसपास, आणि वीट-चुन्याच्या सांध्यात ते सहज त्याच्या दुप्पट मिळतं.

खरा धोका टोकाच्या भिंतीला. ती उतरंडीच्या दिशेने बाहेर झुकली. समजा ती पाच मीटर उंच आणि नऊ इंच जाड आहे. १५ अंशांत तिचा माथा पायापासून सव्वा मीटरहून जास्त बाहेर येतो. नऊ इंच म्हणजे तेवीस सेंटिमीटर. एकटी असती तर ती कधीच आडवी झाली असती. तिला मागून धरून ठेवणाऱ्या आडव्या भिंती, तक्तपोशीच्या तुळया आणि बाहेरून लावलेले विटांचे जाडजूड बट्रेस, म्हणजे टेकू, या सगळ्यांनी मिळून ती उभी ठेवली. जुन्या फोटोंत बुडालेल्या टोकाला हे बट्रेस दिसतात, आणि इमारतीचा सगळा जीव त्यांच्यात आहे हे पाहताक्षणी समजतं.

चुन्याचाही वाटा मोठा. अठराव्या शतकातलं बांधकाम चुन्यातलं. जमीन हळूहळू खचली तर चुन्याचा सांधा थोडाथोडा सरकतो, बारीक भेगा पडतात, त्यातल्या काही आपोआप भरूनही येतात. हेच घर सिमेंटमध्ये बांधलेलं असतं तर मोठे तडे जाऊन त्याचे तुकडे झाले असते. वाकणं ही चुन्याची देणगी होती.

वर चढणारी गोटी

हे घर गाजलं ते मात्र एका गोटीमुळे. आतल्या एका फळीवर गोटी किंवा नाणं ठेवलं की ते चढावर चालल्यासारखं दिसायचं. पिढ्यान्‌पिढ्या मुलं हे पाहायला येत होती. यात जादू काहीच नाही. आपला डोळा उभं-आडवं ठरवतो ते आजूबाजूच्या चौकटींवरून: दाराची बाजू, खिडकीचं तावदान, भिंतीला लावलेली लाकडी पट्टी. त्या सगळ्याच एका दिशेने कललेल्या असतील तर डोळा त्यांनाच सरळ मानतो. मग जिचा उतार त्या पट्टीपेक्षा कमी आहे अशी फळी चढती दिसते, प्रत्यक्षात तीही उतरतीच असते. गोटी गुरुत्वाकर्षणाचं ऐकते, आपण चौकटीचं. उभं लोलकाचं घड्याळ भिंतीला लागून ठेवलं की तेच बिचारं वाकडं वाटायचं, खोलीत ओळंब्यात असलेली ती एकच वस्तू असली तरी.

दारं-खिडक्या सरळ करून घ्यायचा मोह कोणालाही झाला असता. आत चार चौकटी ओळंब्यात बसवल्या असत्या तर घराचा सगळा खेळच संपला असता.

१९४० च्या दशकातला निर्णय

तो मोह आवरला गेला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वास्तुनिर्णय तोच आहे. १९४० च्या दशकात इमारत धोकादायक ठरली आणि पाडायच्या यादीत गेली. तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टन अँड डडली ब्रुअरीज या कंपनीने तिला वाचवायचं ठरवलं. बट्रेस आणि लोखंडी गर्डर लावून घर पक्कं केलं, पण सरळ केलं नाही. कल जिथे होता तिथेच गोठवला.

तोपर्यंत वाकडेपणा हा दोष होता. त्या दुरुस्तीनंतर तो रचना झाला. १७६५ चा गवंडी ओळंबा धरून सरळ भिंत बांधून गेला. पुढे खाणीने ती वाकवली. आणि मग कोणा अभियंत्याने 'असंच राहू दे' असं ठरवून त्यावर सही केली. या इमारतीला वास्तुकार शोधायचाच असेल तर मी या तिसऱ्याला मान देईन. हेतू धंद्याचा असेल, गिऱ्हाईक खेचण्याचा असेल, त्याने फरक पडत नाही. घोडागाडीच्या जमान्यातल्या इनची भव्य कमानही गिऱ्हाईक खेचायलाच होती.

हीच कंपनी पुढे मार्स्टन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये तिने पब विक्रीला काढला, मागणी ६,७५,००० पौंड. जुलैअखेर व्यवहार झाला. आग त्यानंतर काही दिवसांत.

संरक्षण का नव्हतं

इथे प्रत्येक जण विचारतो: एवढी प्रसिद्ध इमारत, वारसा यादीत कशी नव्हती? इंग्लंडमध्ये नोंदणीकृत वारसा इमारतींची यादी चार लाखांच्या घरात आहे. संकेत असा की १७०० च्या आधीची, मूळ रूपाशी थोडंफार इमान राखून असलेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत जाते, आणि १७०० ते १८५० मधल्या बहुतेक. १७६५ चं घर या खिडकीत बसतं. पण निकष आहे 'विशेष वास्तुकलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्व'. साधं शेतघर, आतून वेळोवेळी बदललेलं, बाहेरून नव्या विटांचे टेकू. कागदावर प्रत्येक वैशिष्ट्याच्या पुढे 'फेरफार' असाच शेरा पडणार. जे खरं वैशिष्ट्य, त्यासाठी रकानाच नाही. स्थानिक ऐतिहासिक नोंदवहीत ते वारसा म्हणून नमूद होतं, पण त्या नोंदीने हातोडा थांबत नाही.

आगीच्या काही दिवस आधी हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेकडे यादीत घेण्याची विनंती गेली होती. विचार सुरू होता, तेवढ्यात इमारतच राहिली नाही.

फरक फार मोठा आहे. यादीतली इमारत परवानगीशिवाय पाडणं हा थेट फौजदारी गुन्हा. यादीबाहेरचा, संवर्धन क्षेत्रातही नसलेला पब पाडणं हा नियोजन परवानगीचा भंग. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायलाही नियोजन परवानगी लागते, त्याआधी तीही अट नव्हती. पण भंग झाला तर कौन्सिल अंमलबजावणीची नोटीस काढणार, मालक अपील करणार, आणि ती नोटीस शेवटी मोडली तरच गुन्हा.

मधला एक मार्ग होता. यादीचा निर्णय होईपर्यंत कौन्सिल सहा महिन्यांपर्यंत तात्पुरत्या संरक्षणाची नोटीस काढू शकते. तेवढ्या काळापुरती इमारत यादीत असल्यासारखीच धरली जाते. ती सहसा निघत का नाही? पुढे इमारत यादीत घेतली गेली नाही तर मालकाच्या नुकसानीची भरपाई कौन्सिलच्या माथी येऊ शकते. छोटी, खेड्यातली कौन्सिल हा धोका पत्करायला कचरते. मला यात एखाद्या अधिकाऱ्याचा आळस दिसत नाही. नियम लिहितानाच जोखीम चुकीच्या खांद्यावर ठेवली गेली आहे.

लंडनचा दाखला

पाडलेला पब पुन्हा बांधायला लावण्याचं गाजलेलं उदाहरण लंडनचं. मेडा व्हेल भागातला 'कार्लटन टॅव्हर्न' १९२०–२१ चा. एप्रिल २०१५ मध्ये, यादीत घेण्याची प्रक्रिया चालू असतानाच, तो परवानगीशिवाय पाडला गेला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने विटेला वीट लावून पुन्हा बांधायचा आदेश दिला, २०१६ मध्ये नियोजन निरीक्षकाने तो कायम केला, आणि एप्रिल २०२१ मध्ये पब उघडला. ते शक्य झालं कारण इमारतीची नोंद आधीच झालेली होती, आणि मुळात ती सरळ होती. विसाव्या शतकातलं नेमकं, मोजून-मापून केलेलं काम. तेच आराखडे, तशाच फरशा, तशाच विटा.

हिमलीत २७ फेब्रुवारी २०२४ रोजी साउथ स्टॅफर्डशर कौन्सिलने नोटीस काढली: आगीपूर्वी होती तिच्याशी शक्य तितकी मिळतीजुळती इमारत तीन वर्षांत उभी करा. मालकांनी अपील केलं. दंड म्हणून ही नोटीस मला योग्यच वाटते. पाडून टाकलं की प्रश्न मिटतो, असा हिशेब कोणी करत असेल तर तो बुडीत ठरायला हवा. पण तिच्यातून जे उभं राहील त्याला १७६५ ची इमारत म्हणू नये. ती इंग्लंडमधली कदाचित पहिली खेड्यातली इन असेल जिचा वाकडेपणा आराखड्यात काढलेला असेल.

प्रत्यक्ष काम काय करावं लागेल, याचा विचार केला की विषयाची खरी खोली दिसते. आधी मोजमाप. इमारत पूर्ण उभी असताना अंशांत मोजलेला कल कुठल्या भागात किती होता, उतार कुठे मोडत होता, हे हवं. फोटो असंख्य आहेत, पर्यटकांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेले. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले पुरेसे फोटो असले की संगणकावर त्यावरून त्रिमित प्रतिमा उभी करता येते. बाहेरचं रूप त्यातून बऱ्यापैकी मिळेल. आतल्या खोल्यांचं अवघड, कारण तिथे लोकांनी फोटो काढले ते गोटीचे आणि एकमेकांचे.

मग गवंडी. त्याचं सगळं शिक्षण ओळंबा, पाणसळ आणि गुण्या या तीन गोष्टींवर उभं असतं. इथे त्याला दोरी तिरकी बांधायची, थर उतरते घालायचे, आणि कोपऱ्यात काटकोन दिसला की चूक समजायची. विटा शक्य तितक्या जुन्याच, ढिगाऱ्यातून निवडलेल्या. पडल्यानंतरच्या दिवसांत लोक त्यातल्या काही आठवण म्हणून घरी घेऊन गेले, ही अडचण आहेच. चुना पुन्हा चुनाच हवा, नाहीतर जुन्या विटा सिमेंटच्या ताणाने फुटतील. आजच्या बांधकाम नियमांत बसायचं तर विटांच्या आड स्टीलचा सांगाडा लागेल, आणि टोकाच्या भिंतीला खरा आधार तोच देईल. बाहेरचे बट्रेस तेव्हा फक्त दिसायला उरतील. १९४० च्या दशकात नेमकं उलट होतं. तेव्हा ते दिसायला ओबडधोबड होते आणि सगळं ओझं पेलत होते. मला विचाराल तर बट्रेसना काम द्यावं, सांगाडा जमेल तेवढा हलका ठेवावा.

आणि या सगळ्याच्या आधी जमीन. खाली जुनी दालनं आहेत, काही बसलेली, काही कदाचित पोकळ. बोअर घेऊन ती शोधायची, सिमेंट आणि राखेचं पातळ मिश्रण दाबाने आत सोडून भरायची, आणि जमीन पुन्हा हलणार नाही याची खात्री झाल्यावर तिच्यावर एक सपाट, पक्का, पाणसळीत बसवलेला काँक्रीटचा पाया घालायचा. पहिली तिरकी वीट त्याच्यावर.